दहा हजार वर्षांनी कळायचं चित्र

आमच्या चित्रकलेच्या मास्तरांइतकी अजून जन्माला न आलेल्या माणसांची काळजी करणारा माणूस सबंध पोलादपूर तालुक्यात झाला नाही; आणि जन्माला आलेल्यांना त्यांच्याइतका वैताग देणाराही झाला नसेल. वैतागलेल्यांत त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पहिल्या. कळंबोलीत गॅरेज चालवणारा त्यांचा मुलगा दुसरा. आणि कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनाबाहेर उभे राहणारे झाडून सगळे रिक्षावाले तिसरे. माझा नंबर कितवा ते सांगत नाही, कारण हे सगळं सुरू झालं माझ्यामुळे.

मी ज्या घरात वाढले तिथे स्वयंपाकघरातल्या डब्यांखाली वर्तमानपत्राऐवजी जुनी पत्रकं अंथरलेली असत, त्यामुळे अक्षरओळख झाली तीच मुळी 'बंधूंनो आणि भगिनींनो' पासून. दक्षिणेला किनाऱ्यावर अणुवीज प्रकल्प होणार अशी चर्चा पेटली तेव्हा मी कॉलेजात होते आणि पत्रक लिहिल्याशिवाय मला झोप लागली नसती. वीज चाळीस-पन्नास वर्षं मिळेल, कचरा मात्र हजारो वर्षं विषारी राहील, तो कुठे ठेवणार? त्याचे ट्रक उद्या आमच्या कशेडी घाटातून जाणार का, ज्या घाटात दर पावसाळ्यात डोंगर रस्त्यावर येऊन बसतो? असे प्रश्न मी लिहिले. उत्तर एकच मिळायचं, "सुरक्षित साठवू." कोण साठवणार, किती पिढ्या पहारा देणार, हे विचारलं की समोरचा माणूस घड्याळ बघायचा. तर या पत्रकाच्या डोक्यावर एक चित्र हवं होतं. महाडच्या शाळेत मला चित्रकला शिकवणारे मास्तर तेव्हा निवृत्त होऊन पोलादपूरच्या वर एका वाडीत राहत होते. मी गेले.

"ये गो, कार्यकर्ते," मास्तर म्हणाले. "कधी पाहिजे चित्र?"

"चार दिवसांत."

"आणि तो कचरा किती दिवस टिकतो म्हणालीस?"

"दिवस काय मास्तर! दहा हजार वर्षं धरा. काही काही तर लाख."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग वाचणार कोण? माझ्या आजोबांना मोडी यायची. त्यांचे कागद माझ्या पेटीत हायत, मला एक ओळ लागत नाय. ही दोन पिढ्यांची गोष्ट. तू दहा हजार वर्षं म्हणतेस. तेव्हाच्या माणसाला 'इथे खणू नको' हे सांगायचं कसं?"

मला चार दिवसांत चित्र हवं होतं. मास्तरांना दहा हजार वर्षांनी कळणारं चित्र काढायचं होतं. पत्रक शेवटी रिकाम्या चौकटीनिशी छापलं. वर मोकळी चौकट, खाली मोठ्या अक्षरांत 'धोका!' महाडच्या बाजारात लोक त्या चौकटीत बराच वेळ बघायचे आणि मग मला विचारायचे, "काय दिसाया पायजे?" मी रागाने लाल होऊन मास्तरांकडे गेले, तर ते खूश. "अगो, बरोबरच हाय की. तो धोका दिसत नाय, त्याला वास नाय, चव नाय. तुझ्या पत्रकात तेवढं एकच खरं चित्र छापलंय."

त्या दिवसापासून मास्तरांच्या खांद्यावर एक कापडी पिशवी आली आणि पिशवीत पुठ्ठ्यांवर काढलेली चित्रं. आठवड्यातून दोनदा ते वीर स्टेशनावर जाऊन उभे राहत. ओळखीचा माणूस आपल्या तोंडाकडे बघून उत्तर देतो, म्हणून अनोळखी माणूस हवा, आणि अनोळखी माणूस गाडीतून उतरतो, असा त्यांचा हिशेब. प्रवाशाच्या हातात दोन बॅगा, काखेत पोर, आणि मास्तर समोर पुठ्ठा धरून विचारताहेत, "हे बघून तुम्हाला काय करावंसं वाटतं?" किरणोत्साराची ती जगभर चालणारी तीन पात्यांची खूण दाखवली तर रिक्षावाला म्हणाला, "फॅन. रिपेअरिंग हाय ना? महाडात करून मिलेल." कवटी दाखवली तर "इजेचा डबा". पळत सुटलेला माणूस काढला तर दुसरा रिक्षावाला म्हणाला, "मास्तर, ह्याची गाडी चुकली. बसवा माझ्या रिक्षात." मास्तर हसत नसत. पुठ्ठ्यामागे उत्तर लिहून घेत आणि चित्रावर फुली मारत. पुढे पुढे रिक्षावाल्यांना त्यांची इतकी सवय झाली की त्यांना लांबून पाहूनच ते ओरडत, "फॅन! फॅन!"

घरी तर काकूंची परीक्षा रोजचीच. मास्तरांनी एकदा डब्यांवरची नावं खरवडून काढली आणि चित्रं रंगवली. साखरेच्या डब्यावर एक मोठी, देखणी मुंगी काढली. चार दिवस घरात बिनसाखरेचा चहा. पाचव्या दिवशी मास्तरांनी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "मुंगीवाला डबा? ती मुंग्यांची पावडर ना? मी परसात खड्डा करून पुरली. उगाच कुणाच्या पोटात जायची." मास्तर आनंदाने उभेच राहिले. "म्हणजे इशारा पोचला!"

"कसला इशारा? साखरेचा?" काकू म्हणाल्या. "तुमच्या त्या दहा हजार वर्षांवाल्यांना म्हणावं, आधी मला साखर आणून द्या."

पण या गमतीमागे मास्तर काळवंडत चालले होते, हे मला उशिरा कळलं. महाडच्या पेठेत एक फ्रेमवाले चाचा आहेत, बरीच वर्षं कुवेतला काढून परत आलेले. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर सावित्रीच्या पुराचं पाणी कुठवर आलं त्याच्या रेघा आहेत, तेलरंगाने ओढलेल्या, सगळ्यांत वरची माझ्या डोक्याच्याही वर. मास्तर त्या रेघांकडे बघत उभे होते. रेघांच्या खाली, जमिनीपासून, काचा आणि फ्रेमा नीट रचून ठेवलेल्या.

"चाचा, ही रेघ तुम्हीच मारलीत ना?"

"मीच. दुसरा कोण मारणार?"

"मग माल तिच्याखाली कसा?"

"मास्तर, रेघंच्या वर दुकानाला छप्पर हाय. धंदा काय छपरावर मांडू?"

परतताना पोलादपूरला बसमधून उतरताना मास्तर म्हणाले, "ज्यानं स्वतः इशारा लिहिला, तोच त्याच्याखाली माल ठेवतो. आणि त्याचं चुकत नाय गो."

मग एक गाढवाचा दगड, ज्याला गधेगाळ म्हणतात. कुडपणच्या वाटेवर एका वाडीच्या देवळाबाहेर जुनी शिळा उभी आहे. वर चंद्र-सूर्य कोरलेले, म्हणजे चंद्र-सूर्य असेतोवर ही आज्ञा पाळा. खाली गाढवाची एक अशी शिवी कोरलेली की मास्तरांना ती वर्गात कधी शिकवता आली नाही. ही जमीन जो बळकावेल त्याला ती शिवी. कुठल्या तरी राजाने, जमेल तितक्या धाकाने, 'हात लावू नका' असं पुढच्या सगळ्यांना बजावलं होतं. मास्तरांनी पिशवीतून वही काढली आणि तिथल्या म्हातारीला विचारलं, "हे काय हाय?"

"देव हाय," म्हातारी म्हणाली. शिवीवर शेंदराचा जाड थर होता आणि पायथ्याशी नुकताच फुटलेला नारळ.

त्यानंतर मास्तरांनी वीरला जाणं सोडलं आणि घरीच दगड घडवायला घेतला. वर्षभर ते छिन्नी-हातोडा घेऊन अंगणात बसत. चित्र शेवटी एकच उरलं होतं: एक बाई पोराच्या छातीवर आडवा हात धरून त्याला मागे ओढते आहे. अक्षर एकही नाही. "भाषा जाईल, देव बदलतील," मास्तर म्हणाले, "पण आई पोराला मागं ओढते ते बदलणार नाय." तो दगड त्यांनी अंगणाच्या खालच्या अंगाला उभा केला आणि त्याच्याखाली, काँक्रीटच्या टाकीत, काहीतरी पुरलं. मी पोचले तेव्हा सिमेंट ओलं होतं.

"आत काय आहे, मास्तर?"

"ते सांगितलं तर परीक्षाच संपली. खणायचं नाय, एवढंच."

मी हसले. पण त्याच सुमाराला शाळेची जुनी प्रयोगशाळा मोडली होती, आणि लेबलं गळून पडलेल्या बाटल्यांची दोन खोकी 'मास्तर, तुम्ही जरा विल्हेवाट लावा' म्हणून त्यांच्या गळ्यात पडली होती. त्या बाटल्यांत काय होतं ते शाळेतही कोणी सांगू शकलं नाही. खोकी घरी आलेली काकूंनी पाहिली होती, जाताना पाहिली नव्हती. आणि त्या दगडापासून वीस पावलांवर, उताराच्या खाली, तीन घरांची विहीर आहे. टाकीत त्या बाटल्या होत्या, की परीक्षेपुरता एक रिकामा डबा, हे जगात फक्त मास्तरांना माहीत होतं.

आणि मग मास्तर विसरू लागले. आधी चष्मा, मग वार, मग महाडची शाळा. मला बरेच दिवस 'कार्यकर्ते' म्हणत राहिले, पुढे नुसतं 'ये गो'. गेल्या वर्षी पावसात ते बाहेरच्या संडासाला जाताना घसरून पडले, खुब्याला मार बसला. मुलगा कळंबोलीहून आला तो ठरवूनच: वडिलांसाठी खाली अंगणातच एक खोली, आत संडास-बाथरूम. जागा एकच मोकळी, ती दगडाची. काकूंनी मला फोन केला. मी पोचले तेव्हा जेसीबी अंगणाच्या तोंडाशी गुरगुरत उभा होता.

"बरं झालं आलीस," मुलगा म्हणाला. "तूच हे त्यांच्या टाळक्यात घातलंस. सांग आता. खणू की नको?"

"आत काय आहे ते मला माहीत नाही."

"मग नको कशाला म्हणतेस? आत काय नसलं तर? बाप परत पडला तर तू येणारेस उचलायला?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला खोली हवीच होती. गरज खरीच असते. विजेचीही खरीच आहे. शेवटी आम्ही मास्तरांनाच दोन्ही बाजूंनी धरून दगडापाशी नेलं.

"दादा, आठवतंय का? ह्याच्याखाली काय ठेवलंत?" मुलाने विचारलं.

मास्तर वाकले. परीक्षेच्या पेपरावरचं चित्र तपासत असत तसं, मान मागे घेऊन, डोळे बारीक करून बघू लागले. बाईच्या हातावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"कुणी केलंय हे?" ते म्हणाले. "हात चांगला हाय. पण अर्थ लागत नाय. ही बाई पोराला कुठं घेऊन चाललीय?"

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं. मुलगा तोंड फिरवून विहिरीकडे बघत राहिला.

तेव्हा काकू पदराला हात पुसत पायऱ्या उतरून आल्या. "नाय खणायचं," म्हणाल्या.

"आई, का पण?"

"का ते मला नाय माहीत. ते नको म्हणाले होते. उभ्या जन्मात त्यांनी मला दुसऱ्या कशाला नको म्हटलेलं नाय, साखर पुरली तरी नाय. माझी मागची पडवी पाड, तिथं बांध खोली."

"आणि तू सैपाक कुठं करणार?"

"करीन कुठं तरी. तिथं खाली नाय खणायचं. पाणी पितात लोकं."

पडवी पाडली. काकूंची चूल, त्यांचा पाटा-वरवंट्याचा कोपरा, सगळं गेलं. आता घराच्या पुढच्या ओसरीत पत्रा आडवा लावून त्या स्वयंपाक करतात. त्यांनी कुठला पुरावा मागितला नाही, कुठला अहवाल वाचला नाही. जिथे खात्री नाही तिथे खालच्या अंगाला पाणी पिणाऱ्यांच्या बाजूने उभं राहायचं, एवढं माझ्या कुठल्याच पत्रकाला इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नव्हतं.

परवा गेले तर दगडावर हळदकुंकू होतं. लेकुरवाळी देवी म्हणून खालच्या घरातली नवी सून वाहते म्हणे, लवकर कूस उजवावी म्हणून. मी ओढणीच्या टोकाने पुसायला गेले, तर खुर्चीत बसलेले मास्तर ओरडले, "अगो, देवाला काय पुसतेस?"

मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, एका मास्तरांची गोष्ट म्हणून. पंख्याच्या जागी ते खूप हसले. मुंगीच्या जागी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. चाचांच्या रेघेपाशी पुढे वाकून ऐकू लागले.

"मग त्या मास्तरांचं चित्र शेवटी कुणाला कळलं काय?" त्यांनी विचारलं.

मी पत्रकात कधी खोटं लिहिलेलं नाही. "चित्र कोणाला नाही कळलं," मी म्हणाले. "पण एका बाईनं ऐकलं."

"एकच?"

"एकच."

ओसरीत पत्र्यामागे काकू भाकरी थापत होत्या. मास्तरांनी तो आवाज ऐकला, मग माझ्याकडे वळून, 'कचरा किती दिवस टिकतो' असं पूर्वी विचारलं होतं तसं, अगदी हळू विचारलं,

"किती वर्षांची हाय गो ती?"