केंद्र नसलेले भावोजी

जगातली सगळी सत्ता वाटून टाकायचं काम माझ्या भावोजींवर सोपवलं, तर मुलुंड स्टेशनवरून घरी पोचेपर्यंत ते ती रिक्षावाल्यांत आणि भाजीवाल्यांत वाटून मोकळे होतील, आणि ताईने सांगितलेली कोथिंबीर मात्र विसरतील. मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवत वाढले, पण मक्तेदारीवर एवढा राग एकाही पत्रकात वाचला नाही. फरक इतकाच, की आम्ही मोर्चे काढतो आणि भावोजी ब्राउझर बनवतात.

एरवी इंटरनेटवरचं पान कुठल्यातरी कंपनीच्या संगणकावरून येतं. कंपनीची मर्जी फिरली की पान गायब. भावोजींच्या ब्राउझरमध्ये ते ज्याच्याकडे असेल त्या कुणाकडूनही येतं, आणि मग तुमच्याकडून पुढच्याला मिळतं. "शेजारणीकडून विरजण आणतो ना, तसं," असं ते ताईला समजावतात. "मग आण की. संपलंय," ताई म्हणते.

हा ब्राउझर देशोदेशीची माणसं मिळून, सगळ्यांना दिसेल असा लिहितात आणि दरवर्षी नवख्यांना हाताशी धरून शिकवतात. शिकवणाऱ्यांत भावोजी. त्यांचा नियम एकच: खाजगीत काही विचारायचं नाही, प्रश्न सगळ्यांच्या ग्रुपवर, म्हणजे उत्तर सगळ्यांचं होतं. हा नियम घरातही लागू. ताईने आतून "पोळ्या किती करू?" विचारलं, तर "फॅमिली ग्रुपवर टाक" असं उत्तर येतं. मग कोकणातली मावशी कळवते, "त्याला उपाशी ठेव."

यंदा त्यांच्याकडे भांडुपची एक मुलगी आली. "इथे कुणी सर नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "हो सर," ती म्हणाली. तिच्या वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयाने चळवळीची जुनी पत्रकं इंटरनेटवर चढवली होती. कंपनीने एक दिवस ती न सांगता पुसली. पत्रक पोलिसाने जाळलं काय नि कंपनीने पुसलं काय, माझ्या लेखी गुन्हा एकच. तिने ठरवलं, वाचणाऱ्यांकडे आपोआप प्रती साठल्या पाहिजेत, म्हणजे मूळ संगणक बंद असला तरी पत्रकं उघडतील. तिचं काम अखेरच्या तपासणीत पास झालं, तरच ते ब्राउझरमध्ये जाणार होतं. रोज चाचणी व्हायची, रोज पत्रकं झकास उघडायची.

तपासणी तोंडावर आली तेव्हा मी मुलुंडलाच होते. ताईने चटणीसाठी मिक्सर लावला आणि त्यापायी स्वयंपाकघरातल्या भावोजींच्या कायम चालू असणाऱ्या संगणकाचा प्लग काढला. थोड्या वेळात नियम मोडून भांडुपहून थेट फोन आला.

"सर, तुमचं मशीन बंद आहे का?"

"हो, चटणी चाललीय. का गं?"

"वाट लागली ना, सर! एकही पत्रक उघडत नाहीये. कुणाकडे प्रत साठतच नव्हती. चाचणीसाठी तुम्ही पत्रकं ठेवली होती ना, सगळं त्या तुमच्याच मशीनवरून येत होतं."

ज्या जाळ्याला केंद्र नाही म्हणून भावोजी जगाशी भांडत होते, त्याचं केंद्र आमच्या ताईच्या मिक्सरशेजारी निघालं. ताई हसली नाही, यावरूनच त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते कळावं.

"ग्रुपवर लिही," ते म्हणाले. "माझ्या नावासकट."

"तुमचं नाव कशाला, सर? मी नापास झाले तरी चालेल."

"मला नाही चालणार. उघड लिही."

तिने लिहिलं. खाली भावोजींनी लिहिलं की चूक माझी, मुदत तिला वाढवून द्या. ती मिळाली. तिचं काम पुरं होईपर्यंत त्यांनी तो संगणक लावला नाही. नुसते घरभर फिरले, इतके की ताईने त्यांना मटार सोलायला बसवलं. त्या मुलीने लांबच्या कुणा देशातल्या दुसऱ्या नवख्याला जोडीला घेतलं, प्रती खरोखर साठवायला लावल्या आणि ती पास झाली. पुढच्या वर्षी शिकवायला तीच आहे.

परवा गेले तेव्हा भावोजी खिडकीत बसून फोनवर विहाराचं एक पत्रक वाचत होते.

"कुणाकडून आलं हे?" मी विचारलं.

"काय माहीत. भांडुपातून कुणी असेल, नाहीतर तिकडचं कुणी." मग म्हणाले, "माझ्याकडून नाही, एवढं नक्की."

ते हसत होते. पत्रक वाचून संपलं होतं, तरी बराच वेळ त्यांनी ते मिटलं नाही.