अंगावर पाजतेस ना, मग काळजी नाही

दिवस गेल्याचं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलंच नाही. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंना सांगितलं. मी तपासणीच्या टेबलावर पडलेली. बाहेर बाकावर नणंदेच्या मांडीवर माझी सुधा, म्हणजे तुमची आत्या, भुकेनं रडत होती. तिला अजून दातही आले नव्हते.

मी वर्ध्याच्या त्या दवाखान्यात गेले होते ते चक्कर येते म्हणून. ॲनिमिया निघाला, म्हणजे रक्त कमी. आणि दिवस गेलेले.

सुधाच्या बाळंतपणानंतर ह्याच बाईंना मी विचारलं होतं, इतक्यात दुसरं मूल नको, काय करू? त्या हसल्या. "अंगावर पाजतेस ना? मग काळजी नाही." पाळी आली नव्हती, म्हणून मी निर्धास्त राहिले. पाळी परत येण्याआधीच बीज सुटू शकतं, त्याला ओव्ह्यूलेशन म्हणतात, हे मला कोणी सांगितलं नाही. मी इंग्रजी शिकलेली. पण शाळेत आम्हाला फुलांचे परागकण शिकवले, बाईचं शरीर नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी कडुनिंबाचा पाला वाटला आणि माझ्या छातीला लावला. आमच्याकडे रीतच होती: दिवस गेले की अंगावरच्या मुलाचं दूध तोडायचं, कारण ते दूध आता पोटातल्या बाळाचं, मोठ्याला ते बाधतं.

"हिले पाजशीन तं पोरगी सुकून जाईन," त्या म्हणाल्या. "एवढी इंग्रजी शिकली, एवढंबी समजत नाई तुले?"

सुधा तोंड लावायची आणि किंचाळायची. पाणी घातलेलं गाईचं दूध तिला पचेना. जुलाब सुरू झाले, डोळे खोल गेले. डिहायड्रेशन म्हणजे अंगातलं पाणी आटणं. ते मी तिच्या कोरड्या जिभेवर पाहिलं. पोरगी हातची जाणार, असं मला वाटलं.

पुन्हा तोच दवाखाना. सुईनं सलाइन. ह्या वेळी वॉर्डात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "दूध कोणी तोडलं?" मी दिवस गेल्याचं आणि पाल्याचं सांगितलं.

"पोटात बाळ असलं तरी ह्या बाळाला पाजता येतं. आईनं नीट जेवलं पाहिजे, एवढंच. पाजा."

सासूबाई पदर सावरत मध्ये आल्या. "पण पोटातल्याचं काय? आमच्यात असं करत नाईत."

"तुमच्यात काय करतात ते पाहिलं मी," मी म्हणाले. "आता बाजूला व्हा, आई."

मी छाती धुतली आणि सगळ्यांसमोर सुधाला घेतलं. ती थकून झोपत होती, पुन्हा ओढत होती. दूध कमी आलं, पण आलं.

ती वाचली. पुढे तुमचा बाबा झाला. तो मला नकोसा होता, असं कधी मनात आणू नका. राग त्याच्यावर नव्हता. मला न विचारता, मला न सांगता, माझ्याविषयी ठरवणाऱ्या सगळ्यांवर होता. आजही आहे.

अदिती, आता तू बाळाला पाजते आहेस आणि गोळी घेऊ का, असं मला विचारतेस. आमच्या वेळी गोळीच नव्हती. पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या वेगळ्या गोळ्या असतात, असं म्हणतात. तुला कोणती चालेल आणि केव्हापासून, ते डॉक्टरांनाच विचार. ते हसले, तर पुन्हा विचार. त्यांनी शेजारच्या माणसाकडे पाहून उत्तर दिलं, तर सांग, इकडे बघून बोला, पेशंट मी आहे.

त्या तरुण डॉक्टरांचं नावही मला ठाऊक नाही. पण "पाजा" हा शब्द ते माझ्याकडे बघून बोलले होते.