ती गाडी थोरल्याची की धाकट्याची?

दुपारी ताईचा फोन आला. "भाऊ, हे उठून नाही राहिले." भाऊजी जेवून ओसरीवर आडवे झाले होते, चार वाजता दुकान उघडायची वेळ झाली म्हणून तिनं हाक मारली, तर... मी "बरं" म्हणालो. गॅसवर चहा होता, तो गाळला, प्यायलोसुद्धा. मग कुलूप लावून तुमसरच्या स्टँडवर गेलो आणि आंधळगावची गाडी पकडली. वाटेभर काहीच वाटलं नाही. अजूनही धड वाटत नाही.

भाऊजींचं आंधळगावात ट्रॅक्टर-मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान. काउंटरमागच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी एका इटालियन गाडीचं चित्र होतं, नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात घेतलेल्या मासिकातलं. बुटकी, रुंद गाडी, दिव्यांभोवती काळ्या पापण्या. लढाऊ बैल पाळणाऱ्या एका घराण्यावरून तिचं नाव ठेवलेलं. भाऊजी शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतींचे शौकीन, म्हणायचे, "बैलाच्या नावाची हाये, म्हंजे आपलीच झाली ना."

त्या गाडीवरून आमचं भांडण. ती घडवली कोणी? तिथल्या कारखान्यात आधी गाड्यांचं रूप रेखाटणारा एक चित्रकार होता. तो काम सोडून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. दोघं जवळपास एकाच वयाचे, पण आधीचा तो आमचा थोरला, मागून आलेला धाकटा. नाव धाकट्याचं झालं. पुढे थोरला म्हणू लागला, पहिली चित्रं माझीच होती. मी धाकट्याच्या बाजूचा. भाऊजी कायम थोरल्याचे.

"अहो, पूर्ण कोणं केली?" मी विचारायचो.

"पूर्ण कोणीबी करते. सुचली कोणाले, ते सांग."

गिऱ्हाईक बेअरिंग हातात धरून उभं राहायचं आणि आम्ही दोघं, इटली न पाहिलेले, पापण्यांवरून हमरीतुमरीवर. ताई आतून ओरडायची, "काहून भांडून राहिले? गाडी घ्याची हाये का?"

भाऊजींचे मोठे भाऊ चिखल्याच्या खाणीतलं मॅंगनीज वाहणाऱ्या ट्रकवर होते. बपेऱ्याच्या रस्त्यावर अपघातात गेले. त्यांची मुलगी वैशाली तेव्हा नुकती चालायला लागलेली. वहिनी माहेरी गेल्या, पुढे त्यांचं दुसरं लग्न झालं, आणि वैशाली ताई-भाऊजींकडे राहिली. ताईला मूल नव्हतं. एकदा त्या पोरीनं भाऊजींना "बाबा" म्हटलं, तर त्यांनी तिला उचलून भावाच्या फोटोपुढे नेलं. "बाबा हा. मी काका." त्यानंतर ती काकाच म्हणत राहिली. तिला सायकल शिकवली ती काकानं, टायफॉइडमध्ये उशाशी बसला तो काका, नर्सिंगला भंडाऱ्याला सोडून येताना बसमध्ये रडला तोही काकाच.

तिच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी भटजींनी वडिलांचं नाव विचारलं. भाऊजींनी मोठ्यानं भावाचं नाव सांगितलं. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून फोटो पाटावर ठेवायला लावला आणि स्वतः ताईला घेऊन बाजूला बसले. वैशाली त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी मान वर केली नाही. मला ते खपलं नाही, पण मांडवात काय बोलणार? पाठवणी झाल्यावर रिकाम्या मांडवात आमचं गाडीवरून पेटलं. रोजच्यापेक्षा आवाज चढले.

"जो शेवटपर्यंत उभा राह्यला, गाडी त्याची!" मी म्हणालो.

"अन् जो हाये नाही, त्याची बाजू कोणं घ्याची?" भाऊजी म्हणाले.

त्यांनी सतरंजीची घडी घालायला घेतली, मी दुसरं टोक धरलं.

...भाऊजींना अग्नी वैशालीनं दिला. कोणी हरकत घेतली नाही. मी त्यांच्या पायांकडे पाहत होतो. टाचेला ग्रीसचा डाग होता, कोणाच्या लक्षात आला नव्हता. तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुकान बंदच आहे. वैशाली ताईजवळ थांबली आहे.

परवा गेलो तेव्हा ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी शेजारी टेकलो. निवडता निवडता तिनं विचारलं, "मामा, ती गाडी खरंच कोणाची होती?"

"थोरल्याची," मी म्हणालो. तोंडातून कसं निघालं, मलाच कळलं नाही. मग थांबताही येईना. पहिल्या रेघा त्याच्या, तो गेला म्हणून का त्याचं काही उरतच नाही... भाऊजींचं सगळं म्हणणं, त्यांच्याच शब्दांत, मी सांगत सुटलो.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सुपातला खडा वेचून अंगणात टाकला.

"नाही मामा. धाकट्याची होती."

आतून ताईनं विचारलं, "वैशू, काय बोलून राहिले गं तुम्ही?"

"काही नाही काकू. बाबाच्या गाडीचं बोलून राहिलो."

लहानपणच्या त्या एका वेळेनंतर भाऊजींना तिनं "बाबा" म्हटलेलं त्या घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. आतला भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.