बकरीचा सव्वा महिना

आमच्या गावात कुणाकडे बाळंतपण असलं की आधी मला बोलावणं येतं, आणि नाही आलं तरी मी जाते. शेक किती द्यायचा, पोट किती घट्ट बांधायचं, बाळंतिणीने काय खायचं नाही, हे सगळं मला तोंडपाठ आहे. माझ्या या ज्ञानाचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल, तर आमच्या बकरीला.

बकरी तशी सुनेची. कोंढ्याहून तिच्या माहेरच्यांनी दिलेली, तिनेच हाताने चारा घालून वाढवलेली. सुनेला सातवा लागला होता. तिचं बाळंतपण आमच्याच घरी ठरलं होतं, म्हणून मी मागची खोली आधीच तयार करून ठेवली होती. थंडीचा वारा आत येऊ नये म्हणून खिडकीला खिळे ठोकले, फटींत चिंध्या कोंबल्या. आता या खोलीत वारा शिरून दाखवू दे, असं मी घरभर सांगत होते.

धान घरात आलं, धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवंगार झालं, आणि एका सकाळी बकरी विताना अडली. पिल्लाचा पाय मागे दुमडला होता. मुलगा वरठीला कारखान्यात ड्यूटीवर. सुनेनेच फोन करून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हात घालून पाय सरळ केला आणि पिल्लू ओढून काढलं. पिल्लू जिवंत होतं. बकरी मात्र मान टाकून पडली. इंजेक्शनं देऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले की आता हिने उठून खाल्लं पाहिजे, नाहीतर हीही जाईल आणि पिल्लूही. मग हिला जपा म्हणाले. त्यापुढेही ते उन्हाबद्दल, चालवण्याबद्दल काहीबाही सांगत होते, पण 'जपा' एवढं ऐकलं आणि मी पदर खोचला. पुढचं ऐकायची मला काय गरज?

बकरीची रवानगी मागच्या खोलीत झाली. खाली धानाच्या तणशीचं जाड अंथरूण. अंगाला कोमट तेल. जुन्या लुगड्याच्या पट्टीने पोट बांधलं. कानात वारा जाऊ नये म्हणून डोक्याला रुमाल गुंडाळला. कोपऱ्यात गोवरीच्या निखाऱ्यावर ओव्याची धुरी. आमच्या यजमानांनी दारातून डोकावून बारसं कोणत्या तारखेला आहे, असं विचारलं. मी त्यांना हाकलून दिलं. सुंठ-गुळाचे लाडूही वळले. बकरीने ते हुंगले आणि तोंड भिंतीकडे केलं. लाडू यजमानांनी संपवले आणि तब्येत छान सुधारल्याचं मला येऊन सांगितलं.

बकरीची तब्येत काही सुधारेना. गुळाचं पाणी दोन घोट घ्यायची, की पुन्हा मान खाली. सून उंबऱ्याशी बसून पिल्लाला तिच्या सडाशी धरायची. चिकाचे चार थेंब मिळायचे, मग पिल्लू नुसतंच ओढत राहायचं आणि ओरडायचं. एकदा सुनेने हळूच विचारलं की हिला जरा बाहेर उन्हात न्यायचं का. बाळंतिणीला ऊन-वारा चालत नाही, हे मी तिला कारणांसह समजावलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही मी दिवस गेलेल्या बाईच्या हळवेपणात जमा केलं. खरं सांगायचं तर मी स्वतः घाबरले होते. माहेरची बकरी, सुनेच्या सातव्या महिन्यात, तिच्या डोळ्यांदेखत मेली तर काय, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. आणि घाबरले की मी आणखी एक पट्टी बांधते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या त्या टोकाला एका बाळाला आंघोळ घालायला गेले. परत आले तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं. आत नुसती तणस.

बकरी घरामागच्या सांदवाडीत होती. यजमानांनी तिला गोणपाटावर घालून तिकडे नेलं होतं, आणि आता ते कुंपणाकडे तोंड करून, जणू कुंपण आजच पहिल्यांदा पाहत असल्यासारखे उभे होते. बकरी आपल्या पायांवर उभी होती. पाय लटपटत होते, पोटाची पट्टी मातीत लोळत होती, रुमाल एका कानावर लोंबत होता. शेजारी आमची दुसरी, म्हातारी बकरी तिच्या अंगाला अंग लावून उभी होती. बोरीची डहाळी दोघी मिळून ओरबाडत होत्या. पिल्लू खाली ढुशा देऊन दूध पीत होतं आणि त्याची शेपटी थांबत नव्हती.

मी रागवायला तोंड उघडलं. तेवढ्यात सून म्हणाली, "आई, थे एकटी अंधारात भेऊन राहिली होती."

मग तिने बकरीच्या कानावरचा रुमाल सोडवला, नीट घडी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्या वेळी थे खिडकी उघडी ठेवजा."

मी तशीच खोलीत गेले आणि फटींतल्या चिंध्या ओढून काढल्या. खिडकी मात्र उघडेना, खिळे मी मोठ्या हौसेने ठोकले होते. संध्याकाळी मुलगा ड्यूटीवरून आला, तेव्हा त्याला चहासुद्धा न विचारता मी आधी त्याच्या हातात पक्कड दिली.