दस्तगीरमामांची कुऱ्हाड

मोटार सुरू करण्याआधी दस्तगीरमामा सीटशेजारची कुऱ्हाड उचलून तिची धार अंगठ्यावर पाहायचे. रोज, न चुकता. आमच्या ग्लायडर क्लबचे ते ड्रायव्हर. ग्लायडरला इंजिन नसतं. मामांच्या उघड्या मोटारीत मागं लाकडी खुंटी होती. लांब दोराचं एक टोक तिला बांधायचं, दुसरं ग्लायडरच्या नाकातल्या कडीत अडकवायचं आणि येरमाळ्याच्या वाटेवरच्या माळावर मोटार सुसाट सोडायची. ग्लायडर पतंगासारखं वर चढे. पुरेशी उंची आली की आतल्यानं पिवळी मूठ ओढून दोर सोडायचा. तो विसरला तर मोटारच त्याला नाकावर खाली खेचणार. कुऱ्हाड त्या वेळी दोर तोडायला होती.

"वर जाणारा शाना असंल तर ही गंजून जाईल," मामा म्हणायचे. "पर शाने लोक जमिनीवरच ऱ्हातात."

मी सास्तूरचा. कॉलेजात आलेला घरातला पहिलाच. ग्लायडर एका चाकावर उभं असतं, म्हणून त्याचा पंख धरून चार पावलं पळायचं, एवढंच माझं काम. क्लबचे चिटणीस आबासाहेब मोठ्या जमीनदाराचे चिरंजीव. माझी नादारी, म्हणजे फीमाफी, त्यांच्याच चिठ्ठीवर मिळालेली.

एकदा आबासाहेब स्वतः वर गेले आणि मूठ ओढायचीच विसरले. मामांनी मागं वळून पाहिलं, ब्रेक दाबला आणि एका घावात खुंटीवरचा दोर तोडला. ग्लायडर आपटलं, पंख मोडला, पण माणूस वाचला. पहिला मी पोचलो. तुटलेला दोर अजून नाकातल्या कडीतच होता. आबासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं. "काढ तो," एवढंच म्हणाले. मी काढला.

मग माणसं जमली तेव्हा ते म्हणाले, "मी दोर केव्हाच सोडला होता. यानं मोटार वेडीवाकडी हाणली." कोणीतरी मला विचारलं, दोर कडीत होता का?

"मला दिसलं नाही," मी म्हणालो.

पांढऱ्या दाढीच्या मामांना सगळ्यांसमोर कान धरून माफी मागायला लावली. दुसरा ड्रायव्हर मिळेना म्हणून कामावर तेवढं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मामा मला म्हणाले, "डोळे गावाकडं ठिवून आलतास का रं?" मी दोर गुंडाळू लागलो. ते धार पाहत राहिले. "माफी तोंडानं मागितली. ज्या हातांनी कान धरले, ते हात हायेत की अजून माझ्यापाशी."

वर्ष गेलं. ते आबासाहेबांना सलाम करत, मोटार पुसत. मी एकदा भीत भीत विचारलं, "मामा, विसरलात ना?" ते हसले. "सूड म्हंजी काय चटणी हाय, पाटा घेतला अन् वाटली?"

उमरग्याहून आबासाहेबांच्या सोयरिकीसाठी पाहुणे आले. त्यांना आबासाहेबांनी स्वतः उडून दाखवायचं ठरलं. माळावर बैलगाड्या सोडून अख्खं गाव बसलं होतं. मी दोराचं टोक मामांना द्यायला गेलो, तर मोटारीत कुऱ्हाड नव्हती.

"मामा, कुऱ्हाड?"

"आज लागायची न्हाय."

ओरडावं वाटलं. पण ओरडलो नाही, हे खरं सांगतो. पंख धरून उभा राहिलो.

झेंडा हलला. दोर ताणला. मोटार निघाली ती बैलगाडीच्या चालीनं. मी चार पावलं पळायच्या तयारीत होतो. मला नुसतं चालावं लागलं. ग्लायडर माळावरून गडगडत निघालं. "वेग वाढव," आबासाहेब ओरडले. मोटार तशीच. लोकांत हसू पसरलं. एक म्हातारी म्हणाली, "सोयरीक ठरायच्या आधीच वरात काढली की गं." आबासाहेब माझ्याकडं वळले. "पंख सोड. पडू दे, म्हणजे थांबेल." मी सोडला नाही.

"ऐकू येत नाही?"

"नाही येत," मी म्हणालो.

माळाच्या दुसऱ्या टोकाला मोटार हळूच थांबली. हसणारी माणसं मागोमाग आली होती, पाहुणेही. आबासाहेब लालबुंद होऊन उतरले आणि मामांवर हात उगारला. मामा हलले नाहीत. त्यांनी कडीतल्या दोराकडं बोट केलं.

"सरकार, दोर सोडायचा अन् मोकळं व्हायचं. एवढा माळ सरला, पर हात मुठीकडं गेला न्हाय. त्या दिशी बी गेला नव्हता."

उगारलेला हात खाली आला. कोणी हसलं नाही. पाहुण्यांतला एक वडीलधारा माणूस ती पिवळी मूठ कितीतरी वेळ पाहत राहिला.

मामांनी मोटारीची किल्ली सीटवर ठेवली आणि सडकेकडं चालू लागले. एसटी येईपर्यंत मी त्यांच्याजवळ उभा होतो. त्यांनी घरून आणून नाक्यावर ठेवलेली कुऱ्हाड उचलली, सवयीनं धार पाहिली.

"मामा, माझ्यावरही राग असेल."

"हाय की," ते म्हणाले. "त्याचं फिटलं. तुझं न्हाय. आज कान बंद केलेस. बरं केलंस. पर म्या तोंड मागितलं व्हतं."

ते उमरग्याकडं गेले. ट्रक चालवतात असं ऐकतो. कॉलेजच्या अंकासाठी हे लिहितो आहे. छापलं तर माझी नादारी राहील की नाही, ठाऊक नाही.

मला दिसलं होतं, मामा. दोर कडीत होता. माझ्याच हातांनी काढला.