सुटी लाल वायर

अजून आठवलं की डोकं तापतं. माझ्या रिमोटच्या ट्रकचं स्टिअरिंग जोरात वळवलं की रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर बंद पडायचा. मोटार चालवणाऱ्या कंट्रोलरमधून त्याला पुरेसा करंट मिळत नव्हता. म्हणून मी रिसीव्हरला बेताच्या व्होल्टेजवर करंट देणारा वेगळा रेग्युलेटर मागवला, सहा व्होल्टवर लावला आणि बॅटरीवरून थेट रिसीव्हरला जोडला. दोन्हीकडून सप्लाय दिला तर काहीतरी जळणारच, म्हणून कंट्रोलरमधून रिसीव्हरला करंट नेणारी लाल वायर प्लगमधून काढून टेप मारून ठेवली.

आमच्या चुलत्यांना सुटी वायर बघवतच नाही. गावाकडं भूमच्या शेतात विहिरीवरच्या मोटारीची वायर तुटली की ते दातानं सोलून पीळ देतात, आणि मोटार चालू. मी चहा प्यायला आत गेलो तेवढ्यात त्यांनी माझी टेप काढून ती वायर रेग्युलेटरच्या लाल वायरीला जोडली. मी येऊन बटण दाबलं आणि कंट्रोलरमधून धूर निघाला.

"चायनाचा माल," चुलते म्हणाले.

"तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं?" मी ओरडलो.

"तुटली व्हती, म्या जोडली. एवढं कशाला वरडतूस?"

नवा कंट्रोलर आल्यावर ती लाल वायर मी मुळापासूनच कापून टाकली. चुलत्यांनी वाकून बघितलं आणि खिशातून लाल वायरीचा तुकडा काढला.