ट्युलिपच्या कांद्यांवरून मी बोलले ते

आधीच सांगते, ट्युलिप कसे फुलवायचे हे शिकायला कोणी आलं असेल तर माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. फुलं आली. तीन आली, आणि आमच्या कामोठ्याच्या घामट हवेत ट्युलिपची तीन फुलं म्हणजे काही कमी नाही. पण ती माझ्यामुळे आली नाहीत, आणि हे माहीत असून मी दोन महिने तोंड मिटून बसले होते.

आमचं घर तळमजल्यावर. मागे कंपाउंडच्या भिंतीलगत जेमतेम दहा फुटांची पट्टी, तिथे माझ्या कुंड्या. जास्वंद, गवती चहा, कढीपत्ता, मोगरा. बागेचं वेड मला उतारवयात लागलं, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून. लेक बंगळुरूला असते. तिला एकदा फोनवर म्हटलं, ते काश्मीरचे ट्युलिप बघितले की जीव नुसता खालीवर होतो गं. झालं, दिवाळी संपली आणि कुरिअरने खोका आला. आत दहा कंद, तपकिरी सालीचे.

आमचे हे शेजारीच बसले होते. यांची उमर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून गेली. साताऱ्याकडून आले ते पाठीवर गोण्या घ्यायलाच. एक कंद त्यांनी उचलला, अंगठ्याने मान दाबून बघितली नि म्हणाले, "अगं, ही तर गोल्टी! बारीक कांद्याला आम्ही हेच म्हणतो. एवढ्याशा मालाला खोका?"

"कांदा नाही तो. ट्युलिप आहे."

"असेल. फोडणीला चालतो का तेवढं विचार लेकीला."

या फुलाला थंडी लागते. आपल्याकडे थंडी कुठली, म्हणून कंद आठ-दहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवायचे, त्यांना वाटलं पाहिजे की बर्फाळ हिवाळा होऊन गेला. नाहीतर नुसती पानं येतात. व्हिडिओतल्या बाईने स्वच्छ सांगितलं होतं, कागदी पिशवीत ठेवा, वारा लागू द्या. मला वाटलं, भाजीच्या ड्रॉवरमध्ये कागद भिजून त्याचा लगदा होणार. मग मी माझी अक्कल चालवली. प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि वर घट्ट गाठ मारली. भाजी काढताना हे रोज विचारायचे, "तुझ्या पाहुण्यांना हुडहुडी भरली असेल, शाल देऊ का?" मी हसायचे. तेव्हा हसायचे, हे मुद्दाम लिहिते.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. महालक्ष्मीचं उद्यापन, सोसायटीतल्या पाच-सहा जणी हळदीकुंकवाला आल्या होत्या. वाण देऊन झालं, दूध-केळं झालं, आणि मला मिरवायची हौस. म्हटलं, चला, तुम्हाला परदेशी पाहुणे दाखवते. सगळ्यांना घेऊन फ्रीजपाशी आले, ड्रॉवर ओढला, तर पिशवी नाही.

आतल्या खोलीत पंखा फुल स्पीडवर फिरत होता. जाऊन बघते तर हे खाली बसलेले, पुढे पेपर पसरलेला, पेपरवर माझे कंद उघडेनागडे, आणि यांच्या हातात भाजीची सुरी.

माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. मागे बायका उभ्या आहेत हे मला दिसत होतं. खरं म्हणजे त्या होत्या म्हणूनच मी इतकं बोलले. "अहो, केलंत काय हे! महिन्याची थंडी वाया घालवली माझी! जन्म गेला गोण्या वाहण्यात, तुम्हाला फुलातलं काय कळणार? बैलासारखं ओझं उचलायचं तेवढं माहीत!"

समोरच्या बिल्डिंगमधली एक आहे, तिला काहीही झालं की हसू येतं. ती हसली. मग दुसरीही.

हे एवढंच म्हणाले, "सडायला लागले होते गं." आवाज न चढवता. मग त्यांनी एकेक कंद उचलला, वाण्याच्या कागदी पिशवीत घातला, पिशवी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि चपला घालून बाहेर गेले. मी बायकांना म्हटलं, "बघा, असं आहे आमच्याकडे."

त्यानंतर शालीची चेष्टा बंद झाली. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला बसायचे, मीठ मागायचे, टीव्हीवर बातम्या लावायचे. फक्त मागच्या पट्टीत पाऊल टाकणं सोडलं. आधी सकाळचा चहा तिथेच व्हायचा, तो आता पुढच्या दारात व्हायला लागला.

जानेवारीत लावायला म्हणून मी पिशवी काढली. पेपरवर ओतली. सात कंद. दहांतले सात. आणि त्या सातांतल्या चार-पाचांवर कुठे कुठे साल खरवडून काढलेली, बुरशी लागलेला भाग नखाएवढा कापलेला, आणि कापल्या जागी हळद चोळलेली. माझ्याच गाठीच्या पिशवीत त्यांना पाणी सुटलं होतं. तीन पार गेले असणार, ते यांनी टाकले. बाकीचे वेगळे केले, वाळवले. भाजी काढायला गेले असताना यांना वास आला असेल. गोणीत एखादा कांदा सडका असला तर गोणी पाठीवर येण्याआधीच कळतो, असं हेच सांगायचे. म्हणजे फुलातलं नसेल कळत, पण कंदातलं या घरात यांच्याएवढं कोणाला कळत होतं?

मी तिथेच बसून राहिले. हाक मारावी असं वाटलं. हे पुढच्या खोलीतच होते, सात-आठ पावलांवर. नाही मारली. उलट संध्याकाळी लेकीचा फोन आला, तिने विचारलं, सातच का गं? मी म्हटलं, "तीन तुझ्या बाबांनी घालवले." सगळं कळल्यावर म्हटलं हे. रागाच्या भरात बोललेलं माणूस विसरूही शकतं, पण हे मी शांत डोक्याने बोलले.

लावले सात. टोक वर, माती भुसभुशीत, कुंड्या सावलीतल्या भिंतीला, सकाळी मातीवर बर्फाचे चार खडे. सातांनाही पानं आली, आणि फेब्रुवारी संपता संपता तिघांना कळ्या. आखूड दांड्याची, लाल फुलं. सकाळी कपासारखी मिटलेली आणि दुपारी ऊन चढलं की उघडी. मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि त्याच संध्याकाळी बायका बघायला आल्या. हे पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. ती हसरी जाता जाता त्यांना म्हणाली, "काका, तुमच्या हातात राहिले असते तर सांबारात गेले असते हो!"

हे हसले. म्हणाले, "हो ना."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलायची वेळ होती, अगदी समोर आणून ठेवल्यासारखी. माझं तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून आलं काय, तर "चहा टाकू का सगळ्यांना?"

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात यांना गाठलं. म्हटलं, "अहो, मला माहीत आहे. कंद तुम्हीच वाचवलेत. चुकले मी."

"तुला माहीत आहे हे मला माहीत होतं," हे म्हणाले. "हळद काय लपते? लावलेस त्याच दिवशी कळलं असणार तुला."

म्हणजे दोन महिने ते वाट बघत होते. की नव्हतेच बघत, ते मी विचारलं नाही.

"मग काही बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? आणि एक सांगू? बोललीस पाच बायांच्या देखत. चुकले म्हणतेस ते ओट्यापाशी."

ट्युलिप आपल्या उन्हात पाच-सहा दिवसांवर टिकत नाही. रात्रभर विचार केला, की पाकळ्या पडल्यावर यांतलं कोण कशाला येईल. सकाळीच सगळ्यांना पुन्हा बोलावलं. चौघी आल्या, ती हसरीही. कुंड्यांपाशी उभी राहून मी सगळं सांगितलं. प्लास्टिकची पिशवी, गाठ, हळद, लेकीशी बोललेलं खोटं, सगळं. बोलताना माझे कान तापले होते. एक जण मान खाली घालून ऐकत होती. हसरी म्हणाली, "अहो काकू, एवढं काय मनाला लावून घेता? आम्ही तर विसरलोसुद्धा." तिने ते चांगल्या मनानेच म्हटलं, पण मला ते जास्त लागलं. दुपारी लेकीलाही फोन केला. ती म्हणाली, "आई, मी बाबांना त्यावरून चिडवलं होतं गं."

हे मला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी हे खांदेश्वर स्टेशनकडून चक्कर मारून आले, हातपाय धुतले, ओट्याशी आले. मी भाकरी थापत होते.

"सकाळचं तुझं ऐकलं मी आतून," म्हणाले. "बरं केलंस."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात ते म्हणाले, "पण त्या गुरुवारचंही ऐकलंय ना मी. ते कसं नाही ऐकलं म्हणू?"

रागावून नाही. खरंच विचारत होते. मी भाकरी तव्यावर टाकली आणि त्यांचं ताट वाढायला घेतलं.